स्क्रीनशॉट मागता, मग पावती का देत नाही?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणीतरी ऑनलाईन फॉर्म भरतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी तालुक्याच्या गावी, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवते. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत सरकारी टेबलावर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: "ताई, स्क्रीनशॉट आहे का?"

फॉर्म भरला? स्क्रीनशॉट आहे का. पैसे भरले? स्क्रीनशॉट आहे का. ट्रेनिंग पूर्ण केलं? स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. पोर्टल बंद होतं म्हणून मुदत चुकली? बंद असल्याचा स्क्रीनशॉट दाखवा.

आता गंमत बघा. अर्ज गेला तो त्यांच्या सर्व्हरवर. नोंद असायला हवी त्यांच्याकडे. आणि पुरावा मागतात कुणाकडे, तर ज्याच्या हातात एक जुना फोन आहे त्याच्याकडे. दुकानदारानं स्वतःची बिलं हरवायची आणि गिऱ्हाईकालाच विचारायचं, "तुम्ही किती दिलेत ते सिद्ध करा," असा हा प्रकार आहे.

पण आज मला फक्त सरकारवर तोंडसुख घ्यायचं नाही. माझीही एक चूक झाली आहे, ती आधी सांगते. तिच्यामुळे एका घराचं नुकसान झालं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. शेवटची तारीख. दिवसभर पोर्टल फिरत होतं. तिच्या आईला मी घरी पाठवलं आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही जा, मी बसते." रात्री पावणेबाराला अर्ज गेला. पडद्यावर आलं, अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला. खाली लांबलचक नंबर. प्रिंटचं बटण दाबलं तर कोरं पान. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरं. मग मी नेहमी करते ते केलं. तेवढ्या चौकोनाचा स्क्रीनशॉट काढला आणि माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये त्या मुलीच्या नावाच्या पानावर चिकटवला. ॲपचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या ॲपचा नाही. प्रत्येक गिऱ्हाईकाचं एक पान, त्यात सगळे स्क्रीनशॉट. शोधायला सोपं. मला वाटायचं, माझ्याइतकी व्यवस्थित कोण असेल!

दिवाळीत लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. नवा घेतला, ॲपमध्ये लॉगिन केलं. पानं आली, नावं आली, मी टाईप केलेलं सगळं आलं. चित्रांच्या जागी करडे चौकोन. "लोड होत आहे." ते आजतागायत लोड होत आहे.

जानेवारीत कॉलेजनं मुलीला सांगितलं, यादीत तुझं नाव नाही. मी ऑफिसात गेले. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "अर्ज दिसत नाही. स्क्रीनशॉट असेल तर आणा."

फोनवरच्या ॲपमध्ये ते चित्र दिसत होतं, पण नखाएवढं. मोठं करायला गेलं की धुरकट. मी त्याचाच पुन्हा स्क्रीनशॉट काढला आणि भाऊसाहेबांना व्हॉट्सॲप केला. ते म्हणाले, "ताई, शेवटचे आकडे वाचता येत नाहीत. आणि यावर तारीख कुठंय?" तारीख नव्हतीच. मी फक्त मधला चौकोन कापला होता. तारीख होती नोटच्या पानावर, चित्रात नाही. वर आणखी एक वाक्य ऐकलं: "हल्ली मोबाईलवर कुणीही काहीही बनवतं."

म्हणजे मागताना स्क्रीनशॉट, आणि आणल्यावर "कुणीही बनवतं."

आईनं बचत गटातून बावीस हजार उचलून फी भरली. मुलगी परीक्षेला बसली, पास झाली. पुढच्या वर्षी अर्ज नीट गेला, पण त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. मावशी बाजाराच्या दिवशी दुकानावरून जातात, थांबतात, चहा घेतात. एका शब्दानं मला काही म्हणत नाहीत. तेच जास्त लागतं.

त्यानंतर मी बसून हे सगळं समजून घेतलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

नोट्सचं ॲप हे वहीसारखं आहे असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. वही कपाटात ठेवली की तुमची. ॲपमध्ये चिकटवलेलं चित्र त्या ॲपच्या पोटात जातं. ते वेगळी फाईल म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये राहत नाही. तुम्हाला ते दिसतं, पण ते कुठे आहे ते तुम्ही बोट ठेवून सांगू शकत नाही.

वननोटचंच उदाहरण घ्या, शाळा-कॉलेजांत आणि ऑफिसांत ते भरपूर वापरलं जातं. त्यात स्क्रीन क्लिपिंग नावाची सोय आहे. पडद्याचा तुकडा कापला की तो पानावर येतो आणि खाली ॲप स्वतःच एक ओळ टाकतं, क्लिपिंग अमुक तारखेला अमुक वाजता घेतलं अशी. छान वाटतं. पण ती ओळ चित्राचा भाग नसते, ती चित्राखालचा मजकूर असते. उद्या चित्रावर राईट क्लिक करून सेव्ह ॲज केलं की फाईल मिळते ती फक्त चित्राची. तारीख मागे वहीतच राहते. जिच्या जोरावर तुम्ही भांडणार, तीच गायब. माझ्या पानावर तारीख मी हातानं टाईप केली होती. गत तीच झाली.

दुसरी गोष्ट, ॲप कायमचं नसतं. "वननोट फॉर विंडोज १०" या ॲपचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात आता नवं काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्यावर ५० नोट्स आणि एकच वही अशी मर्यादा घातली. कंपन्यांनी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. त्यांचं दुकान आहे, त्या नियम बदलणार. पण तुमच्या अर्जाची मुदत, तुमची सुनावणी, तुमचं अपील त्यांच्या वेळापत्रकावर चालत नाही ना? मग पुरावा त्यांच्या वेळापत्रकावर का ठेवायचा?

तिसरी गोष्ट चित्राच्या जातीची. पडद्यावरचा मजकूर ठेवायचा असेल तर पीएनजी फाईल चांगली. ती जागा वाचवताना चित्रातलं काही टाकून देत नाही. जेपीजी मुळात फोटोंसाठी आहे. जागा वाचवायला ती चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडते आणि डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील गाळते. झाडाच्या फोटोत ते कळत नाही. अक्षराच्या कडेवर लगेच कळतं. त्यात आपली देवनागरी. एक अनुस्वार पुसला गेला की शिंदेंचे शिदे होतात. १ चा ९ वाटतो. इंग्रजी ३ आणि ८ मध्ये तर फरकच उरत नाही. वर आपण ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतो. तिथं ते आणखी दाबलं जातं, आणि फाईलबरोबर जी माहिती असते तीही निघून जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते. पिनच्या चिन्हावर दाबून डॉक्युमेंट निवडायचं, एवढाच फरक. कितीजण करतात?

आता यावर लोक काय म्हणतात तेही सांगते. मी माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांशी वाद घातला आहे.

एक म्हणाला, "अगं, नोट्समध्ये शोधता येतं. फाईलींच्या ढिगात कोण शोधणार?" बरोबर आहे. नोट्सचं ॲप शोधायला उत्तमच आहे. काही ॲप तर चित्रातली अक्षरंही वाचून देतात. मी ॲप टाकून द्या असं म्हणतच नाही. मी अजूनही वापरते. पण क्रम बदलला. आधी फाईल, मग नोट. फाईल हा माल, नोट ही खातेवही. खातेवही जळली तर माल उरला पाहिजे. मी उलटं केलं होतं. खातेवहीतच माल ठेवला होता.

दुसरा म्हणाला, "डिजिलॉकर आहे की." डिजिलॉकर चांगली सोय आहे. पण त्यात सरकारनं दिलेली कागदपत्रं येतात, मार्कशीट, लायसन्स, वगैरे. तुम्ही सरकारकडे अर्ज केला होता, रात्री पावणेबाराला केला होता, मुदतीच्या आत केला होता, हे डिजिलॉकर सांगत नाही. भांडण तिथंच असतं.

तिसरा वकील आहे. त्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार. तो म्हणाला, "ताई, तुझी पीएनजी असली काय आणि नसली काय, कोर्टात नुसत्या स्क्रीनशॉटला कोण विचारतं?"

हे खरं आहे, आणि हे प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. पूर्वीचं कलम ६५ब, आताचं कलम ६३. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आता त्याचे दोन भाग आहेत. एक नोंद हजर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा निघतो. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो.

आता मला सांगा, फाईलच नसेल तर ठसा कशाचा घेणार? ॲपच्या पोटातल्या चित्राचा? ते बाहेर काढताना लहान झालं, दाबलं गेलं, पीडीएफच्या दोन पानांत अर्धं अर्धं कापलं गेलं, तर मूळ कोणतं म्हणायचं? म्हणून वकिलाच्या मुद्द्यानं माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट पक्कं होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या क्षणी निघालेली फाईल हात न लावता जपली असेल, तर पुढे तज्ज्ञाला काहीतरी दाखवता येईल. नाहीतर तेही नाही.

आणि हा प्रमाणपत्राचा घोळ आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात किती टोकाला गेला होता, तेही बघा. २०१४ ची जालना विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्याच कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. म्हणजे नोंद सरकारी, कॅमेरा सरकारी, जागा सरकारी. पण त्या चित्रणासोबत जोडायचं प्रमाणपत्र मागून मागून मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला. मूळ उपकरण कोर्टात आणलेलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं कोर्टानं पक्कं केलं. पण ज्यानं आपल्या हातात होतं ते सगळं केलं आणि तरीही अधिकाऱ्यांनी दिलं नाही, त्याला त्यासाठी दोषी धरता येत नाही, असंही म्हटलं.

तो निकाल वाचताना मला राजकारणात काडीचा रस नव्हता. मी एवढंच बघत होते, की माजी आमदार माणूस, सोबत वकील, तरीही सरकारी खात्यानं स्वतःच्याच नोंदीवर एक कागद सही करून दिला नाही. मग माझ्या मावशींना कोण देणार आहे?

इथं मी मूळ मुद्द्यावर येते.

स्क्रीनशॉट जपून ठेवा, फाईल करून ठेवा, हे मी सांगतेय ते नाइलाज म्हणून. खरा प्रश्न आहे, स्क्रीनशॉट जपायची वेळच का यावी?

टपरीवर दहा रुपयांचा चहा घेऊन यूपीआय केलं तर प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ नंबर मिळतो. तो माझ्याकडे असतो, बँकेकडेही असतो. रेल्वेचं तिकीट काढलं तर दहा आकडी पीएनआर. तो सांगितला की टीसी माझं नाव काढतो, माझ्याकडे स्क्रीनशॉट मागत नाही. मग एका मुलीच्या वर्षभराच्या फीचा अर्ज जातो तेव्हा "प्रिंट" दाबल्यावर कोरं पान का येतं? तंत्रज्ञान नाही म्हणून? चहाला आहे आणि शिक्षणाला नाही?

कायदा नाही म्हणून? कायदाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवांच्या अर्जाला पोच द्यायची, त्यात अर्ज मिळाल्याची तारीख, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक आणि सेवा किती दिवसांत मिळणार ती मुदत कळवायची, असं त्यात लिहिलेलं आहे. लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक. उगाच टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण "अधिसूचित सेवा" हा शब्द नीट वाचा. जी सेवा यादीत नाही, तिच्या अर्जदाराला या कायद्याचा आधार नाही. आणि यादीत आहे तिथंही "सर्व्हर डाऊन होता" हे एक वाक्य सगळ्यावर पाणी फिरवतं.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ काय म्हणतं? जिथं कायद्यानं नोंद जपायची आहे तिथं इलेक्ट्रॉनिक नोंद चालेल, पण ती पुढे केव्हाही बघता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ नेमकं दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कोणत्या तारखेला आणि किती वाजता, हा तपशील तिच्यासोबत राहिला पाहिजे. किती सुंदर लिहिलंय! नोंद कशी जपावी याचा धडाच आहे हा. तो धडा सर्व्हर, इंजिनिअर आणि बजेट असणाऱ्यांनी गिरवायचा, की बचत गटातून हप्ता भरणाऱ्या बाईनं फोनच्या गॅलरीत गिरवायचा?

आणि "कुणीही बनवतं" या वाक्याबद्दल. हो, बनवतात. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे आपल्यापुरते बदलून स्क्रीनशॉट काढणं हे शाळेतल्या पोरालाही जमतं. त्या भाऊसाहेबांचा संशय खोटा नाही. म्हणूनच तर मी म्हणते, स्क्रीनशॉट मागणं बंद करा! ज्या वस्तूवर तुमचाच विश्वास नाही ती गरिबाकडे कशाला मागता? प्रामाणिक माणूस ती आणू शकत नाही आणि लबाड माणूस पाच मिनिटांत बनवून आणतो. अशी पद्धत नेमकी कुणाच्या फायद्याची?

टेबलामागे बसलेल्या माणसांवर माझा राग नाही, हेही सांगते. ते स्वतः याच चरकातून जातात. माझ्या दुकानात जिल्हा परिषदेच्या शिक्षिका येतात, अंगणवाडी ताई येतात. "ट्रेनिंग झाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचाय, मोठा होत नाहीये, बघ ना." वर्ग सोडून, पोरांना बसवून, त्या स्क्रीनशॉट काढत बसतात. वरचा साहेब खालच्याकडे मागतो, खालचा जनतेकडे मागतो. सर्व्हरला कुणीच विचारत नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत.

एक. अर्ज सादर झाला की त्याच क्षणी पावती उतरवून घेता आली पाहिजे. क्रमांक, तारीख, वेळ आणि खरी-खोटी तपासता येईल असा क्यूआर कोड. अधिसूचित सेवा असो वा नसो. कोरं पान चालणार नाही. मोबाईलवर एसएमएसही आला पाहिजे. काही पोर्टल हे करतात, म्हणजे जमतं.

दोन. जी नोंद तुमच्या सर्व्हरवर असायला हवी तिचा स्क्रीनशॉट अर्जदाराकडे मागायचा नाही. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर घ्या आणि तुम्ही शोधा. सापडत नसेल तर "शोधलं, सापडलं नाही" असं तारखेसह लेखी द्या. मग पुढे अपील करता येईल. तोंडी "दिसत नाही" यावर अपील कशाचं करणार?

तीन. ही नोट्सचं ॲप बनवणाऱ्यांना. आमची सगळी चित्रं, मूळ आकारात, ज्या दिवशी ठेवली ती तारीख फाईलच्या नावात घालून, एका बटणावर बाहेर काढता आली पाहिजेत. गुगल कीपमधल्या नोट्स गुगल टेकआउटवरून मागवता येतात, त्यात चित्रं वेगळ्या फाईली म्हणून येतात. म्हणजे हेही जमतं. आत घालायला एक बटण आणि बाहेर काढायला दहा पायऱ्या, हा न्याय नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? मी माझ्या दुकानात जे करते ते सांगते. तुम्हीही आजपासून करू शकता.

तुकडा कापू नका. पूर्ण पडदा घ्या. वर वेबसाईटचा पत्ता दिसला पाहिजे, खाली घड्याळ आणि तारीख दिसली पाहिजे. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की पूर्ण पडद्याची पीएनजी थेट पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाते. कुठे चिकटवायची गरज नाही. फोनवर वर फक्त वेळ दिसते, तारीख नसते, पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये फाईलच्या नावातच तारीख-वेळ येते. त्या मूळ फाईलचं नाव बदलू नका. हवं तर प्रत काढून तिला नाव द्या: तारीख, आडनाव, काम.

आधीच ॲपमध्ये चिकटवून बसला असाल तर या रविवारी दोन तास काढा. कॉम्प्युटरवर ॲप उघडा, महत्त्वाच्या चित्रावर राईट क्लिक करून सेव्ह ॲज करा, प्रकार पीएनजी ठेवा. चित्राखाली तारखेची ओळ असेल तर त्या अख्ख्या पानाची पीडीएफही काढा. चित्र आणि पीडीएफ शेजारी शेजारी ठेवा. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढू नका. मी काढला होता, त्याचं फळ वर वाचलंत.

एक प्रत स्वतःच्या फोनमध्ये, एक पेनड्राईव्हवर, एक स्वतःलाच मेल केलेली. मेलवर तारीख आपोआप पडते, तोही एक आधार. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

आणि माझ्यासारख्या दुकानदारांना हात जोडून सांगणं: गिऱ्हाईकाचा पुरावा गिऱ्हाईकाच्या हातात द्या. आपल्या ॲपमध्ये त्यांची आधार, बँक पासबुकं, जातीचे दाखले साठवून ठेवणं ही सेवा नाही, ती जोखीम आहे, आपल्याला आणि त्यांनाही. मी आता दुकानातून उठायच्या आधी माणसाच्या फोनवर फाईल टाकते, त्याला उघडून दाखवते, नंबर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. वाचता आला तरच "झालं" म्हणते. मग माझ्याकडची प्रत पुसते. दोन मिनिटं जास्त जातात. रांगेतले लोक कुरकुर करतात. करू देत.

त्या मावशींकडे आता फोनमध्ये एक फोल्डर आहे, मुलीच्या नावाचा. परवा आल्या होत्या. फोल्डर उघडून मला म्हणाल्या, "हे बघ, सगळं आहे ना यात?" होतं. सगळं होतं. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेल्या स्मार्टफोनवर आधी शिकावं काय, तर सरकारसमोर स्वतःला सिद्ध कसं करायचं! मला त्याचं कौतुक वाटलं नाही, लाज वाटली.

पावती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी आपण सुटे पैसे मोजून घेतो. इथं तर वर्षं मोजायची आहेत.

ज्यांच्या ओळखीत कुणी आमदार, जिल्हा परिषद सदस्य, अधिकारी असतील त्यांनी पहिल्या दोन मागण्या त्यांच्यापर्यंत पोचवाव्यात. ज्यांच्या सोबत असं काही झालंय त्यांनी खाली लिहावं. ऑफिसचं नाव नको, काय घडलं तेवढं लिहा.

पोस्ट पुढे पाठवायला माझ्या परवानगीची गरज नाही. नाव नाही टाकलं तरी चालेल. फक्त मजकूर कॉपी करून पाठवा.

कृपया स्क्रीनशॉट काढू नका.